सोफा नकोय, सायकलची चड्डी हवीय

'एक्स्ट्रा थिक जेल पॅड, सोफ्यासारखा आराम!' हे आत गादी शिवलेल्या सायकलच्या चड्डीच्या पाकिटावर छापणाऱ्याला त्याच चड्डीत कात्रजचा घाट चढायला लावला पाहिजे. एप्रिलमध्ये. दुपारी. अरे बाबा, सोफ्यावर बसून कोणी मिनिटाला ८० वेळा पाय फिरवतं का? सायकलवर फिरवतं. म्हणजे तासाला ४,८०० वेळा मांडी सीटच्या कडेवरून जाते. मधे जे काही येईल, शिवण, सुरकुती, लेबल, पॅडची जाड कड, ते ४,८०० वेळा काचणार. पुण्याहून निघून लोणावळ्याला पोचेपर्यंत तीन तास लागले तर हाच आकडा १४ हजारांच्या वर. आराम म्हणे!

जाड म्हणजे मऊ आणि मऊ म्हणजे सुख, हे गणित मुळातच चुकलेलं आहे, आणि अख्खा धंदा त्याच्यावर चाललाय. सीटवर बसलं की भार येतो तो दोन हाडांवर. हातावर बसून बघा, तळव्याला टोचतात तीच ती. दोघांमध्ये साधारण १० ते १५ सेंटिमीटर अंतर असतं. या हाडांखाली घट्ट काहीतरी हवं. मऊ स्पंज दिला की हाडं त्यात रुततात, आणि मधला भाग खालून वर येऊन नेमका नाजूक जागी दाबतो. तिथून नसा जातात, रक्तवाहिन्या जातात. आधी मुंग्या, मग बधिरपणा. मग माणूस काय समजतो? सीट कडक आहे. म्हणून सीटवर जेलचं कव्हर चढवतो. म्हणजे गादीवर गादी! ते कव्हर दर पाच मिनिटांनी एका बाजूला सरकतं ते वेगळंच.

बरं, जेल तरी काय करतं? हवा जाऊ देत नाही, तापतं आणि घाम धरून ठेवतं. ओली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर सोलवटते, हे जांघेत पुरळ आलेल्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही. सांगावं लागतं फक्त दुकानदाराला.

दुकानात चड्डी हातात आली की आधी ती उलटी करा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. पॅड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून जोरात दाबा. हाडांच्या जागी दोन्ही बोटं एकमेकांना लागली, तर तो पॅड नाही, भांडी घासायचा स्पंज आहे. लांब पल्ल्याच्या चांगल्या पॅडमध्ये फोमची घनता घनमीटरला ८० ते १२० किलो असते आणि जाडी सेंटिमीटरच्या आसपास. पाकिटावर जाडी ठळक अक्षरांत असते, घनतेचा पत्ता नसतो. कारण जाड करायला स्वस्त स्पंज पुरतो, घट्ट करायला पैसे लागतात.

मग कडा बघा. पॅड कडेला पातळ होत जायला हवा, पाव कापल्यासारखा उभा तुटलेला नको. मधोमध, पुढून मागे जाणारी शिवण असेल तर तिथल्या तिथे परत करा. पायाच्या शिवणी बोटाने चाचपा: चपट्या हव्यात, दोरीसारख्या उठलेल्या नकोत. शेवटी मांडीचं कापड दोन्ही हातांनी ताणून उजेडासमोर धरा. पलीकडची बोटं दिसली, तर वाकल्यावर तुमच्या मागून येणाऱ्यालाही सगळं दिसणार आहे.

एवढं सगळं दुकानात करता येतं. ऑनलाइन मागवली तर? 'अंतर्वस्त्र, परत घेतले जाणार नाही.' आणि मापाच्या तक्त्यात फक्त कंबर. मांडीचा घेर नाही, पायाची लांबी नाही. अरे, सायकल कंबरेने चालवतात का? मांडीला सैल झाली की कापड गोळा होऊन वर चढतं, पॅड जागचा हलतो, आणि हललेला पॅड नसलेल्या पॅडपेक्षा वाईट. घट्ट झाली की खालचं सिलिकॉनचं इलॅस्टिक मांडीत रुतून लाल वळ उठतो.

खांद्यावर पट्टे येतात त्या बिबबद्दल तर दुकानातली पोरंच चुकीचं सांगतात. 'खांद्याला ओढतंय? मग एक साइज मोठी घ्या.' नाही रे! बिब उभं राहिल्यावर थोडी ओढलीच पाहिजे. हँडलवर वाकलं की ती बरोबर बसते. उभं राहून ऐसपैस वाटणारी बिब सायकलवर मागे झोळीसारखी लोंबते.

आणि पॅडवाल्या चड्डीच्या आत रोजची चड्डी घालायची नाही. नाही म्हणजे नाही. निम्म्या लोकांचा निम्मा त्रास इथे संपेल. सुती चड्डी घाम पिऊन ओली राहते, आणि तिच्या पायाची दुमडलेली कड बरोब्बर जांघेत येते. पॅड कातडीला थेट लागण्यासाठीच बनवलेला असतो. पूर्वी लोकरीच्या चड्डीत शॅम्वा नावाच्या डोंगरी प्राण्याचं मऊ कातडं शिवायचे. धुतलं की ते वाळून कडक व्हायचं, म्हणून त्याला क्रीम चोळायचे. कातडं गेलं, नाव राहिलं: शॅमी. तरी विकणारे बिनधास्त सांगतात, 'आत घातली तरी चालते सर.' चालते! दुसऱ्या दिवशी सर चालत नाहीत.

त्यात आपले अनुभवी मित्र. कशालाही एकच उत्तर, 'सवय होईल.' हाडांच्या दुखण्याची होते. नव्या माणसाला पहिले आठ-दहा दिवस बूड दुखणारच, ते कमी होतं. पण सोलवटणं आणि बधिरपणा यांची सवय होत नसते, करूही नये. त्याचा अर्थ कपडा, सीटची रुंदी किंवा सीटची उंची, काहीतरी चुकलंय. सीट फार उंच असली की कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि जगातली सगळ्यात महाग चड्डीही काचते.

गंमत म्हणजे पाच-सहा किलोमीटरवरच्या ऑफिसला जाणाऱ्याला हे काहीच लागत नाही. त्याला पॅड विकणं ही शुद्ध लूट आहे. त्याचा शत्रू वेगळा: जीन्स. जीन्सच्या चार जाड शिवणी जिथे एकत्र येऊन गाठ होते, ती जागा सीटवर कुठे येते याचा विचार करा. त्याला हवी साधी, थोडी ताणणारी पँट, आणि दोन पायांच्या मधे शंकरपाळ्याच्या आकाराचा एक तुकडा जोडलेला, म्हणजे चार शिवणी एका ठिकाणी भेटत नाहीत. गल्लीतला शिंपी हे तासाभरात करून देईल. पण तयार पँटीत? शोधून दाखवा. बाकी साखळी उजवीकडे असते, म्हणून उजवा पायचा दुमडा किंवा पट्टीने बांधा. आणि ओढणी दोन्ही टोकं पाठीमागे घेऊन घट्ट गाठ मारल्याशिवाय सायकलवर पाय टाकू नका, मागच्या चाकाला दयामाया नसते.

जर्सीवर जास्त बोलत नाही, डोकं फिरतं. इव्हेंटमध्ये वाटतात ती जाड पॉलिएस्टरची, पाठभर रबरी छपाई केलेली जर्सी म्हणजे पाठीला लावलेलं प्लास्टिकचं टेबलक्लॉथ. जिथे घाम सर्वांत जास्त, तिथेच प्रायोजकांची नावं! चेन गळ्यापासून पोटापर्यंत पूर्ण उघडणारी हवी, वीतभर नको. मागच्या खिशांचं इलॅस्टिक ढिलं असेल तर मोबाइल प्रत्येक खड्ड्याला कंबरेवर धपाटे घालतो. खड्डे किती, ते तुम्हाला माहीत आहे.

पावसाळ्यातली थापेबाजी याहून वरची. '१००% वॉटरप्रूफ जॅकेट.' जुलैत ताम्हिणी चढताना ते घालून बघा. चढावर वेग ताशी आठ-दहा किलोमीटर, म्हणजे वारा लागत नाही. हवा आधीच ओली, म्हणजे घाम वाळत नाही. दहा मिनिटांत आतून कुकर. बाहेरून भिजायचं वाचवून आतून भिजायचं, त्यासाठी पैसे मोजायचे! चढावर सरळ भिजा, पातळ जर्सीत. घडी करून खिशात मावणारं विंडचीटर उतारासाठी ठेवा, थंडी वाजते ती तिथे. आणि मडगार्ड लावा हो! मडगार्ड नसला की मागच्या चाकाचा चिखल पाठीवर पट्टा ओढतोच, पण त्यातली बारीक रेती पॅडमध्ये शिरते. मग तुम्ही पॅडवर नाही, पॉलिश पेपरवर बसलेले असता.

घरी आल्यावर तीच चड्डी तासभर घालून पोहे खात बसू नका. लगेच काढा, उलटी करून गार पाण्यात सौम्य साबणाने धुवा. पिळू नका, पॅड फाटतो. पंच्यात गुंडाळून दाबा आणि पॅड बाहेर ठेवून सावलीत वाऱ्यावर टाका. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर बंद. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड घाम ओढेनासं होतं. पावसाळ्यात पॅड दुसऱ्या दिवशीही दमट असतो, म्हणून एक नाही, दोन चड्ड्या लागतात. हे लेबलवर का लिहीत नाहीत? लेबलवर फक्त इस्त्रीवर फुली. लायक्राच्या चड्डीला इस्त्री कोण करणार होतं, देव जाणे.

आणि बायकांचं तर विचारूच नका. हाडांमधलं अंतर सहसा जास्त, म्हणून पॅड मागे रुंद हवा, लांबीला कमी, मधला आकार वेगळा. ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड; २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला १३ तास ३० मिनिटं असतात, त्यात हायवेवर बाथरूम गाठायचं, जर्सी काढायची, मग बिबचे पट्टे उतरवायचे, कोंदट खोलीत, ओल्या फरशीवर. यावर उपाय आहे: मागून उघडणारी बिब किंवा साधी रुंद कंबरपट्टीची चड्डी. मागा की दुकानात. पुरुषांचीच चड्डी, फक्त गुलाबी पट्टी मारलेली, पुढ्यात येते. "मॅडम, हीच घ्या, युनिसेक्स आहे."

तुझं कप्पाळ युनिसेक्स!