तलावपाळी साडेतीन अंशांनी कलली

माझ्या मोबाइलच्या फोटोंमधली ठाण्याची तलावपाळी कायम गडकरी रंगायतनच्या बाजूला कललेली असते. आता पाणी सांडेल आणि नाटक सुटलेल्या लोकांच्या चपला भिजतील, असा तिचा एकंदर आव. अशा वेळी स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या अ‍ॅपमध्ये 'रोटेट' दाबायचं, पलीकडचा काठ आडवा करायचा आणि सुटायचं, असं वाटतं. पण काठ आडवा झाला की त्याच्यावरच्या इमारती पडायला येतात. कारण तो काठ म्हणजे क्षितिज नव्हे. तो आपल्यापासून तिरका लांब जात असेल, तर फोटोतही तिरकाच दिसणार. सरळ करायचा तो दिव्याचा खांब, आणि तोही फोटोच्या मध्याजवळचा. मोबाइल वरच्या दिशेला कलवून धरला असेल तर कडेचे खांब आत झुकलेलेच येतात, त्यांची साक्ष काढू नये. शिवाय फिरवलं की चारही कोपरे कापले जातात. बहुधा त्यातच होडीचं नाक असतं.

एवढ्यावर भागत नाही, कारण पुढे उजेड-रंग बदलायचं 'ट्यून इमेज' असतं. भाजीवाल्याकडे फुकट कोथिंबीर मागावी त्या वृत्तीने आपण स्लायडर शेवटपर्यंत ओढतो. सॅच्युरेशन +१०० केलं की उपवन तलावाचं पाणी खसचं सरबत होतं आणि काठावरच्या माणसांना कावीळ होते. सॅच्युरेशन सगळ्या रंगांना सारखंच फुगवतं. लाइटरूम या दुसऱ्या अ‍ॅपमधलं व्हायब्रन्स त्या मानाने संसारी, आधी फिक्या रंगांकडे बघतं आणि चेहऱ्यांना जरा सांभाळून घेतं. माझा हिशेब साधा आहे: +२० वर थांबायचं, तोंड धुऊन यायचं आणि त्यातलं निम्मं काढायचं. मग फोटोवर बोट दाबून धरायचं, मूळ फोटो दिसतो. तोच बरा होता हे कळण्याची तयारी ठेवावी.

दुपारी दोनचं पांढरं आभाळ मात्र कुठल्याच स्लायडरला दाद देत नाही. जेपेग या फोटोच्या नेहमीच्या फाइलप्रकारात लाल, हिरव्या, निळ्या प्रत्येकाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. तिन्ही २५५ ला जाऊन बसले की तिथे ढग होता याचा पुरावाच उरत नाही. हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, -१०० केल्यावर मिळतो तो राखाडी डिस्टेंपर. फोटो काढतानाच आभाळावर बोट दाबून धरावं, फोकस लॉक झाला की सूर्याचं चिन्ह खाली ओढावं. सावल्या नंतर उजळता येतात. फार उजळल्या तर त्यांच्यावर रवा भुरभुरल्यासारखे दाणे येतात, पण रवा चालेल, डिस्टेंपर नको.

बारीक पोत उठवणारं 'स्ट्रक्चर' कोपिनेश्वर मंदिराच्या दगडासाठी छान. मावशीसाठी नाही. तिथे 'सिलेक्टिव्ह' घ्यावं, चेहऱ्यावर ठिपका ठेवावा, दोन बोटांनी घेर लहान करावा आणि स्ट्रक्चर -२० करावं. -१०० केलं तर मावशी मेणाची होते, आणि ते मावशीला आवडतं ही वेगळीच अडचण.

या स्लायडरच्या नादावर उतारा म्हणून सरावाचा एक प्रकार आहे. कटिंगचा एकच ग्लास, २० फ्रेम, झूम बंद, क्रॉप बंद. पहिल्या सहांत ग्लास मधोमध असतो, ओळखपत्रावरच्या फोटोसारखा. मग स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेघांची ग्रिड आठवते. ग्लास रेघांच्या छेदावर जातो आणि उरलेल्या जागेत टपरीवाल्याची कोपर येते. बारावीपर्यंत कल्पना संपतात. चौदावीला चहावर साय धरते. टपरीवाला आधी बघतो, मग "दुसरा देऊ का?" विचारतो. सतरावीला पाय दुखतात म्हणून आपण बाकड्यावर टेकतो, मोबाइल ग्लासच्या उंचीला येतो आणि मागून आलेल्या उन्हात चहा आतून पेटतो. या फ्रेमला एकही स्लायडर लागत नाही.

हा फोटो घरच्या ग्रुपवर साधा पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप त्याला पिळून काढतं. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. पाच मिनिटांत मावशीचं उत्तर येतं, "अरे, कसलं बिल पाठवलंयस? उघडत नाहीये."