मलब्यानं पऱ्हाटी वाळली म्हणे!

"पाडलेल्या घरांच्या काँक्रीटचा चुरा डांबरात घालून रस्ते करताहेत. सिमेंट अन् डांबर एकजीव होत नाही, पावसात सिमेंट फुगून रस्ता फुटतो, त्याचं विष शेतात उतरून कपाशी वाळते. सरकारनं गुपचूप परवानगी दिली!" हा मेसेज यवतमाळपासून वर्ध्यापर्यंत फिरतोय. फिरू दिला असता, पण काल मामांनी तो पाठवून विचारलं, "ग्रामसभेत काम बंद पाडायचं का?"

आधी कपाशी, कारण खरं नुकसान तिथंच आहे. रस्त्याकडच्या धुऱ्याजवळची हिरवी पऱ्हाटी एकाएकी माना टाकते, तो बहुतेकदा आकस्मिक मर असतो. पावसाचा खंड पडतो, मग धो-धो पाऊस येतो, काळ्या मातीत पाणी तुंबतं आणि मुळं गुदमरतात. रस्ता उंच केला पण नाली काढली नाही, तर पाणी तुमच्याच धुऱ्यावर साचणार ना? तिथं विष शोधत बसलं की चर काढून पाणी उतरवायची वेळ निघून जाते. काँक्रीटवरून आलेलं पाणी अल्कधर्मी असतं, पण आपली काळी जमीनही बहुतेक ठिकाणी मुळात तशीच, चुनखडीची. शिवाय मिश्रणात खड्यावर डांबराचा लेप असतो, तो कुठं गेला?

एकजीव होत नाही म्हणे! गिट्टीवरून डांबर सुटू नये म्हणून मिश्रणात सिमेंट किंवा चुन्याची भुकटी घालायची सोय केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानकातच आहे. आणि फुगते ती काळी माती. उन्हाळ्यात जिच्या भेगेत हात जातो, तीच. तिच्यावर नवी कोरी गिट्टी टाकली तरी रस्ता फुटेल.

गुपचूप परवानगीचं तर बोलूच नका. बांधकामाचा मलबा रस्त्यात कसा वापरायचा, यावर रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची आयआरसी 121 ही पुस्तिका 2017 पासून आहे.

एक मात्र कबूल. मलब्यातल्या जुन्या गिट्टीला चिकटलेला सिमेंट-वाळूचा मसाला सच्छिद्र असतो, तो डांबर पितो. डांबरी मिश्रणातल्या गिट्टीनं 2 टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये असं मानक सांगतं, आणि ही गिट्टी ते सहज ओलांडते. म्हणून ती तपासून नव्या गिट्टीत मिसळतात, नाहीतर खालच्या थरात घालतात. विटा, प्लास्टर, लाकडासकट ट्रॉली रिकामी करणं ही निव्वळ बदमाशी.

तेव्हा मामा, अडवायचीच तर ती ट्रॉली अडवा. अभियंत्याला गिट्टीचा तपासणी अहवाल मागा, आणि अंदाजपत्रकात नाली धरली आहे का, तेही विचारा.