लिलिएंटालचं ग्लायडर हवेत मोडलं नव्हतं

ग्लायडरचा, म्हणजे इंजिनाशिवाय उडणाऱ्या यानाचा, जर्मन प्रणेता ओटो लिलिएंटाल घरी बनवलेल्या ग्लायडरची शेपटी हवेत तुटल्यामुळे गेला, असा एक मजकूर सध्या फिरतोय. त्यात दोन वेगळे अपघात एकत्र झालेत.

शेपटी तुटली ती ब्रिटनचा ग्लायडर उडवणारा पर्सी पिल्चर याच्या ग्लायडरची, सप्टेंबर १८९९ मध्ये. तिथे सांगाडाच दगा देऊन गेला.

९ ऑगस्ट १८९६ ला जर्मनीत श्टोलनजवळच्या टेकडीवर लिलिएंटालच्या बाबतीत घडलं ते निराळंच. ग्लायडरचं नाक वर उचललं गेलं, वेग संपला, पंखांची उचल गेली. यालाच स्टॉल म्हणतात. लिलिएंटालच्या हाती सुकाणू नव्हतं. लोंबकळते पाय पुढे-मागे झुलवून तोल सावरणं एवढाच उपाय. तो पुरला नाही. सुमारे १५ मीटरवरून तो कोसळला, मणका मोडला, दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये मृत्यू आला.

त्याचं यान मुळातच कच्चं होतं, हेही खरं नाही. जर्मन संशोधकांनी २०१६ मध्ये वातबोगद्यात (हवेचा झोत सोडून यान तपासायच्या बंदिस्त जागेत) त्याची हुबेहूब प्रतिकृती तपासली, तेव्हा ती चांगली स्थिर निघाली. आणि हो, जमिनीवर मोडके पंख सापडले म्हणजे ते हवेतच मोडले, असं होत नाही. आपटल्यावर काड्या मोडणारच.