मानमोडीला दारू पाजणाऱ्यांनो, जरा ऐका

"गावरान कोंबडी आता मरणार नाही, दहा ग्रुपवर पाठवा" असा एक मेसेज फिरतोय. गेल्या पंधरवड्यात तो आमच्या मावशीपर्यंत पोचला. मावशी नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या पुढं मळ्यात राहते. तिच्याकडं चौदा कोंबड्या न दोन कोंबडे होते, अंड्यांचे पैसे तिचे स्वतःचे, काका त्यात हात घालत नाहीत. मानमोडी आली, म्हणजे कोंबड्यांची मान वाकडी करणारा साथीचा रोग, आणि आज पाच उरल्यात. म्हणून हे लिहितेय आणि चिडूनच लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा. गावरानला लस लागत नाही, लस म्हणजे कंपन्यांचा धंदा. मान वाकडी झाली तर एक झाकण देशी दारूत ठेचलेला लसूण आणि टेट्रासायक्लीनची अर्धी कॅप्सूल कालवून पाजा, तीन दिवसांत खडखडीत. लस दिली की अंडी बंद होतात. एवढं करून गुण नाही आला तर बाजारात विकून मोकळे व्हा, मेली तर ओढ्याला सोडा. आणि शेवटी राखेचं काहीतरी.

आधी दारूच घेऊ. कोंबडीची चोच उघडून जीभ खाली दाबा, जिभेच्या मुळाशीच एक फट उघडझाप करताना दिसते. ती श्वासनळी. आपल्यासारखी मऊ टाळू तिला नाही, त्यामुळं धडधाकट कोंबडीच्या घशात पण पातळ काही ओतलं तर फुप्फुसात जायची भीती असते, आणि इथं तर मान उलटी फिरलेली, गिळता येत नाही, तिच्या घशात तुम्ही झाकणभर दारू ओतताय! मावशीनं एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, मांडीत धरली, काकांनी चोच उघडली, दारू आत गेली आणि ती दोनदा घुरघुरली, पंख ताणले, तिथंच मांडीत गेली. मावशी म्हणते, "रोगानं गेली गं." रोगानं नाही मावशी, तुझ्या हातानं गेली, पण हे तुला तोंडावर सांगवत नाही म्हणून इथं लिहितेय.

आता कॅप्सूल. मानमोडी म्हणजे राणीखेत, इंग्लंडात न्यूकॅसल म्हणतात, 1926 पासून ओळखीचा रोग आहे. तो विषाणूनं होतो. टेट्रासायक्लीन जिवाणूंवर चालतं, विषाणूला त्याचं काही सोयरसुतक नाही. एकदा मानमोडी लागली की तिच्यावर औषध नाही, दारू नाही, लसूण नाही, कुणाच्या आजीचा काढा पण नाही. वर त्या कॅप्सूलचा अंश अंड्यात उतरतो. त्या आठवड्यातली मावशीची अंडी शेजारच्या बाळंतिणीकडं गेली, हे मला नंतर कळलं.

पण या नुस्ख्यातला खरा घात वेगळाच आहे, "तीन दिवस" हा शब्द. पहिली कोंबडी सोमवारी सुस्त झाली, हिरवट पातळ शीट, तोंड उघडून श्वास. मावशीनं तिला वेगळं काढलं नाही, का तर तीन दिवसांत बरी होणारच होती. सगळ्या एकाच खुराड्यात, एकाच पाटीतलं पाणी पीत होत्या. गुरुवारी चार बसल्या. सोमवारीच ती द्राक्षाच्या कॅरेटखाली लांब डालली असती, पाणी वेगळं ठेवलं असतं, तिला हात लावून तसंच दुसरीकडं दाणे टाकायला गेली नसती आणि 1962 या सरकारी पशुवैद्यकीय नंबरावर फोन केला असता, तर सगळ्या वाचल्या असत्या असं नाही म्हणत मी, पण पाचाच्या आठ-नऊ झाल्या असत्या. शेवटी डॉक्टर आले, मेलेली एक उघडून बघितली, जठराला आतून रक्ताचे ठिपके. आणि हो, मान वाकडी म्हणजे मानमोडीच असंही नाही, जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं पण मान फिरते. ते डॉक्टर बघून सांगतील, फॉरवर्ड नाही.

विकून टाका, ओढ्याला सोडा. हा तर सरळ गुन्हा आहे. प्राण्यांच्या साथरोगांसाठी 2009 चा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या यादीत न्यूकॅसल नाव घेऊन दिलाय. या यादीतला रोग झालेलं जनावर माहीत असून बाजारात नेणं आणि असं मेलेलं जनावर नदी-नाल्यात टाकणं दोन्हीला दंड आहे. रोगाची खबर देणं मालकाचं काम. आजारी कोंबडी बुधवारी नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात नेली तर त्याच पिशवीतून न टोपलीतून रोग किती गावांत जाईल ते तुम्हीच बघा. आणि ही मानमोडीच कशावरून? 2006 ला नवापूरला पटापट कोंबड्या मेल्या तो बर्ड फ्लू निघाला होता, देशातला पहिला. तेव्हा "कापून खाऊन टाका" म्हणणाऱ्यांनी सोलताना कशात हात घातला असता? मेलेली खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायची, कुत्र्याला उकरता येणार नाही इतकी खोल.

लस कंपन्यांचा धंदा? आठव्या आठवड्याच्या सुमारास सुईनं देतात ती आर-टू-बी लस कुमाऊँतल्या मुक्तेश्वरच्या सरकारी संस्थेत निघाली, ज्या राणीखेत गावाचं नाव या रोगाला पडलं त्यापासून लांब नाही ते. आपल्याकडं पुण्यात औंधला सरकारची संस्था मानमोडीची लस बनवते. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा नावाच्या लशीचा एक थेंब डोळ्यात, महिन्याच्या आसपास परत, मग ती सुई. गावरान कोंबडी काटक असते हे खरंय, पण लस न दिलेल्या गावरानला हा रोग काही सोडत नाही, आमच्या खुराड्याकडं बघा.

"अंडी बंद" यात मात्र थोडं तथ्य आहे, मान्य करते. अंड्यावर असलेल्या कोंबडीला आर-टू-बी टोचली तर काही दिवस अंडी कमी होतात. म्हणूनच ती अंड्यावर यायच्या आधी देतात ना! आणि दुसरी अडचण मेसेजवाल्याला सुचली पण नाही. बाटली निदान शंभर डोसची आणि कोंबड्या चौदा. एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या महिन्याला चालत नाही. यावर उपाय एकच, सगळ्या वस्तीनं एक दिवस ठरवायचा, चहाच्या थर्मासात बर्फ घालून बाटली आणायची आणि रात्री कोंबड्या खुराड्यात बसल्या की एकेक धरून द्यायची. दिवसा धरायला गेलात तर अख्ख्या मळ्यात पळापळ.

राख ठीक आहे. राखेत लोळल्या की उवा-पिसवा कमी होतात. लसूण पण खाल्ला तर खाऊ द्या.

त्या पाचातली एक मान वाकडी घेऊन फिरतेय. दाणा टिपायला जाते आणि चोच बोटभर बाजूला पडते, म्हणून मावशी तिला खोल वाटीत भरड देते. शेजारचे दादा सगळ्यांना सांगत सुटलेत की बघा, ही दारूनं वाचली. मावशीला विचारलं तर म्हणाली, "ती कुठली, ती त्या दिवशी हातालाच लागली नव्हती, शेवग्यावर जाऊन बसलेली."