पाणी चौसष्ट अंश, वारा दक्षिणेचा, मासे कालचे

अमेरिकेतल्या केंटकी लेकवर एप्रिलमध्ये क्रॅपी मासा धरायला निघालेल्या माणसाला घरून एकच प्रश्न येतो, ‘मिळतील ना?’ आणि त्याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘कंडिशनवर आहे.’ घरच्यांना ही टाळाटाळ वाटते. पण मी शपथेवर सांगतो, त्यात एक अक्षर खोटं नसतं. खुलासा करायला बसलं तर मात्र जेवणं होऊन भांडी घासून होतात आणि ऐकणारा प्रश्न विचारल्याबद्दल माफी मागतो.

मुळात तलाव केवढा ते बघा. टेनेसी नदीवर १९४४ साली धरण उभं राहिलं आणि त्याच्यामागे १८४ मैल लांब पाणी तुंबलं. एक लाख साठ हजार एकर पसारा, दोन हजार मैलांहून जास्त किनारा, उत्तरेचं टोक केंटकीत, बाकीचा टेनेसीत. ‘केंटकी लेकला सध्या क्रॅपी लागतायत का?’ असं विचारणं म्हणजे मुंबईपासून कऱ्हाडपर्यंत हवा कशी आहे, असं एका दमात विचारणं. दक्षिणेकडच्या उथळ, गढूळ खाड्यांत मासा अंडी घालून मोकळा झालेला असतो, तेव्हा धरणाजवळच्या स्वच्छ पाण्यातला अजून विचारच करत असतो. त्यामुळे इथे प्रत्येकाचा सल्ला बरोबर असतो, फक्त तो ज्या खाडीत बरोबर असतो तिथे आपली बोट नसते.

क्रॅपी हा सनफिशच्या कुळातला. चपटा, रुपेरी, अंगावर काळे ठिपके, तोंड मोठं आणि जबड्याची कातडी इतकी पातळ की आरपार उजेड दिसावा. अंगात म्हणावी अशी ताकद नाही. गळाला लागला की जरा कुरकुर करतो आणि वर येतो. अशा माशापायी माणसं पहाटे चारला बोटी ओढत का येतात, ते त्याची तळलेली तुकडी खाल्ल्यावरच कळतं.

त्याचे प्रकार दोन, पांढरा आणि काळा. पांढऱ्याला गढूळपणा आणि झुडपं चालतात, काळ्याला स्वच्छ पाणी आणि खडीचा काठ बरा वाटतो. ओळखायचं पाठीच्या परावरून: पांढऱ्याला पाच-सहा काटे, काळ्याला सात-आठ. गंमत अशी की विणीच्या दिवसांत पांढऱ्याचा नर तोंडापासून छातीपर्यंत काळाकुट्ट होतो. मग धक्क्यावर ‘हा काळा’, ‘हा पांढराच’ असा वाद रंगतो. काटे मोजले की तो मिनिटात मिटेल, म्हणून कोणी मोजत नाही.

आता कंडिशन. पहिली अट तापमानाची. पाणी ५५ फॅरनहाइटच्या आसपास असताना मासे खाड्यांच्या तोंडाशी, बुडालेल्या ओढ्यांच्या कडेला दहा-पंधरा फुटांवर जमतात. ६० ते ६८, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण साडेपंधरा ते वीस सेल्सिअस, ही विणीची वेळ. नर काठाजवळ दोन ते सहा फुटांवर जागा साफ करून बसतो, मादी येते, अंडी टाकते, निघून जाते. पुढची राखण नराकडे. इथपर्यंत कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

माहितीपत्रकात नसतं ते हे, की बोटीवरचा तापमापक फक्त वरच्या थराचं सांगतो. वारा पडलेला, ऊन कडक, दुपारचे तीन वाजलेले, अशा वेळी तो ६८ दाखवतो आणि आपण आनंदाने काठावर गळ टाकत सुटतो. दोन-तीन फूट खाली पाणी साठच असतं आणि मासा तिथे राहतो. म्हणून दुपारच्या आकड्यावर जाऊ नये, पहाटेचा बघावा. सलग तीन-चार पहाटे तो खाली आला नाही, तर काहीतरी घडतंय. दुसरं, एकाच खाडीच्या दोन काठांत चार-पाच अंशांचा फरक सहज असतो. उत्तरेचा काठ दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन खातो आणि गार उत्तर वाऱ्यापासून वाचतो, म्हणून तो आधी तापतो. सुरुवात तिथून करावी. गावातली म्हातारी मंडळी ही सगळी यंत्रं बाजूला ठेवून डॉगवुडचं झाड फुललं का एवढंच विचारतात. मला हे आवडत नाही, कारण त्यांचं बरोबर येतं.

दुसरी अट पाण्याच्या पातळीची, आणि इथे माशाचा संबंध सरकारी वेळापत्रकाशी येतो. तलाव टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीच्या, म्हणजे या नदीवरची धरणं चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या ताब्यात. हिवाळ्यात पातळी समुद्रसपाटीपासून ३५४ फूट, उन्हाळ्यात ३५९. मधले पाच फूट भरायला एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून सुरुवात होते आणि मे उजाडेपर्यंत भरणी उरकते. म्हणजे नेमका विणीचा महिना. गेल्या शनिवारी ज्या झुडपाच्या बुडात दोन फूट पाणी होतं आणि मासे होते, तिथे या शनिवारी साडेतीन फूट असतं आणि मासे मागच्या झुडपात सरकलेले असतात. पाणी चढत असलं की मासा काठाकडे, विलोच्या झाडांच्या मुळांत शिरतो. उतरायला लागलं की जराही वाट न बघता बाहेर पडून पहिल्या उतारावर जातो. पाणी चढतंय की उतरतंय हे घरबसल्या कळतं, ऑथॉरिटीच्या अॅपवर पातळी आणि विसर्ग दोन्ही असतात. ते न बघता जाणाऱ्याला माझी सहानुभूती नाही.

बरं, हे वेळापत्रकही हवामान चांगलं असेल तरच. धरणाच्या खाली बावीस मैलांवर ओहायो नदी. ती आणि पुढे मिसिसिपी फुगली की पूर रोखायला हे धरण पाणी अडवून धरतं, आणि पुराच्या वेळेसाठी ३७५ फुटांपर्यंत जागा राखलेली आहे. म्हणजे आपल्या डोक्यावर लख्ख ऊन, आठवडाभर थेंब नाही, आणि पाऊस पडला दूर पूर्व टेनेसीत. तरी धक्क्यावरचं पार्किंग पाण्याखाली. क्रॅपी त्या वेळी लोकांच्या सहलीच्या बाकड्यांमध्ये हिंडत असतो. गढूळ पाण्यात फार खोल जाऊ नका, मासा तीन फुटांतच असतो, फक्त त्याला गळ अगदी नाकासमोर लागतो. भडक रंगाची जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा, आमिषासारखा सजवलेला गळ घ्या, पोपटी किंवा नारिंगी, आणि बुंध्याला घासून सोडा.

तिसरी अट, वारा आणि थंडीची लाट. लाट यायच्या आदल्या दिवशी दक्षिणेचा उबदार वारा, ढग, मासे वेड्यासारखे खातात. दुसऱ्या दिवशी निळंभोर आकाश, उत्तरेचा वारा, फोटोला सुंदर उजेड आणि सगळे मासे तोंड मिटून बसलेले. हा दुसरा दिवस शनिवारी येतो. का येतो ते शास्त्रात सापडणार नाही, पण येतो. अशा वेळी माद्या आठ-बारा फुटांवर परततात, राखणीला बसलेला नर मात्र सहसा जागा सोडत नाही. तेव्हा जिग हलकी करा, एक षोडशांश औंसावरून एक बत्तिसांशवर या, आणि हात हलवू नका. न हलवणं हे या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम आहे.

तलाव दक्षिणोत्तर पसरलेला, नदी उत्तरेकडे वाहणारी. त्यामुळे दक्षिणेचा किंवा उत्तरेचा वारा सुटला की त्याला मैलोन्‌मैल मोकळं पाणी मिळतं आणि मुख्य पात्रात पांढऱ्या लाटा उठतात. चौदा फुटी बोट घेऊन तिथे शूरपणा करायचं काहीच कारण नाही. पश्चिमेला ब्लड रिव्हर, जोनाथन क्रीक यांसारख्या खाड्या आत शिरलेल्या आहेत, पूर्वेला लँड बिटवीन द लेक्सच्या जंगलातल्या. वाऱ्याकडे पाठ असलेला काठ धरावा, लाइफ जॅकेट अंगात असावं, आसनाखाली नव्हे.

साधनांबद्दल दुकानदार तासभर बोलेल. तेवढी गरज नाही. दहा-बारा फुटांची हलकी काठी, सहा पौंडांचा तंगूस, बारीक तारेचा गळ. तार मुद्दाम मऊ हवी. झुडपात अडकला की हळूहळू ताण द्यायचा, गळ सरळ होऊन सुटतो, चिमट्याने पुन्हा वाकवायचा. जाड गळ घेतला की तंगूस तुटतो आणि तिथली शांतता आपणच मोडतो. सरकतं बूच वापरत असाल तर दोऱ्याची गाठ, मग मणी, मग बूच, असा क्रम. मणी विसरला की गाठ बुचातून आरपार जाते आणि तीन फुटांवर ठेवलेलं आमिष तळाच्या चिखलात जाऊन पडतं, तिकडे आपण तासभर बुचाकडे श्रद्धेने बघत बसतो. जिगची गाठही मासा लागला की पुढे-मागे सरकते. ती दर वेळी मधोमध आणा, म्हणजे जिग आडवी लटकेल. उभी लटकणारी जिग क्रॅपीला आवडत नाही.

आणखी एक, क्रॅपी वर बघून खातो. आमिष त्याच्या पातळीच्या फूटभर वर हवं, खाली गेलं तर त्याच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नाही. खाऊन तो पुष्कळदा वरच उठतो, त्यामुळे बूच बुडत नाही, आडवं पडतं. कोकणात गरवायला शिकलेल्यांची इथे पंचाईत होते. बूच बुडेपर्यंत ते थांबतात, आणि बुडालं की खाडीतला मोठा मासा असावा तसा झटका देतात. त्या झटक्याने जबडा फाटतो आणि गळावर ओठाचा तुकडा येतो. नुसती काठी उचलायची, आणि मासा हवेत न लोंबकळवता खालून जाळी धरायची.

जिवंत चिंगळ्या मासळ्या आमिषाला नेत असाल तर त्यांना नळाचं क्लोरीनचं पाणी घालू नका, बादली सावलीत ठेवा. ओठातून गळ ओवला की त्या बराच वेळ पोहत राहतात.

हल्ली ध्वनिलहरींनी समोरचं पाणी जसंच्या तसं पडद्यावर दाखवणारी सोनार यंत्रं आलीत. त्यांनी या छंदातला मोठा आधार काढून घेतला. पूर्वी निवांत म्हणता यायचं, ‘इथे मासेच नाहीत.’ आता चौदा मासे दिसतात, आपली जिग त्यांच्यामधून उतरताना दिसते आणि चौदाही जण तिला वाट करून देताना दिसतात. दीड फूट गढूळ पाण्यात, झुडपांच्या गर्दीत मात्र ते यंत्रही फारसं काही दाखवत नाही, आणि तिथे आम्ही सगळे पुन्हा एका पातळीवर येतो.

आणि सिल्व्हर कार्प. आपल्याकडे शेततळ्यात मुद्दाम सोडतात, तोच. इथे तो नकोसा पाहुणा आहे. मोटारीच्या आवाजाने बिथरून पाण्याबाहेर उड्या मारतो, आणि दहा-बारा पौंडांचा ऐवज कधीकधी थेट बोटीत येऊन आदळतो. दिवसभर न मिळालेल्या दहा इंची माशाच्या वाट्याचं हे उत्तर तलाव कोणत्या चेष्टेने देतो कोण जाणे.

दहा इंच ही कायद्याची किमान लांबी. तोंड मिटून, शेपटीची टोकं चिमटीत धरून पट्टीवर मोजायचं. केंटकी लेकमधले बहुसंख्य क्रॅपी पावणेदहा इंचांचे असतात, असं पट्टीवर वाकलेल्या कुठल्याही माणसाच्या चेहऱ्यावरून दिसतं. शेपटी कितीही दाबली तरी वनरक्षकाची पट्टी तेवढीच राहते. तो सोडून द्यायचा, ओल्या हाताने.

एप्रिल संपता संपता टेनेसी बाजूला पॅरिस गावात ‘जगातला सर्वांत मोठा फिश फ्राय’ भरतो. तिथे तळतात तो कॅटफिश. क्रॅपी मिळाला नाही म्हणून तिकडे वळलेले लोक रांगेत ओळखू येतात, त्यांच्या मानेमागे उन्हाचा पट्टा असतो आणि ते कोणाशी पाण्याच्या तापमानाबद्दल बोलत नाहीत.

मिळालेच तर असं करा. कण्याला समांतर सुरी चालवून दोन्ही बाजूंच्या तुकड्या काढा, बरगडीचे काटे कापून टाका, कातडं सोला. मीठ, हळद, तिखट, लिंबू लावून पंधरा मिनिटं ठेवा. जास्त नको, लिंबाने मांस भुसभुशीत होतं. बारीक रव्यात घोळवा आणि ३५० ते ३७५ फॅरनहाइट तेलात एका वेळी चार-पाचच सोडा. गर्दी केली की तेल गार पडतं, रवा तेल पितो. दोन-तीन मिनिटांत तुकडी वर तरंगते. तळणाऱ्याने पहिली तुकडी कढईपाशीच खावी, ताटांपर्यंत पोचेस्तोवर त्याच्यासाठी काही उरत नाही.