‘बंदूक कधी हातात धरली आहे का?’ : ह्यूस्टनकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

ह्यूस्टनकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते, मग सगळं पुसून टाकलं. आज चार दिवस झाले. राग पुरता गेलेला नाही, तो या उत्तरात कुठे ना कुठे दिसेलच.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत परवानाधारकाला झाकलेलं पिस्तूल जवळ ठेवून वर्गात बसता येतं. त्या ‘कॅम्पस कॅरी’ कायद्याविरुद्ध मी गेल्या आठवड्यात लिहिलं. गुणांवरून भांडायला विद्यापीठातल्या माझ्या खोलीवर आलेला एक विद्यार्थी, त्याने टेबलावर धप्पकन ठेवलेली बॅग आणि पुढच्या वीस मिनिटांत मी कशी एकेक पाऊल मागे सरत गेले, हेही त्यात होतं. त्यावर ह्यूस्टनकर लिहितात : “ताई, ज्यांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नाही त्यांनी बंदुकीच्या कायद्यावर प्रवचन देऊ नये.” पुढे त्यांचं म्हणणं असं, की मी कायद्याची तारीख चुकवली, परवानाधारक लोक सभ्य असतात, 1966 साली नागरिकांच्या बंदुकांनीच ऑस्टिनमध्ये जीव वाचवले, बॅगेत पिस्तूल होतं याला पुरावा नाही, आणि इतकी भीती वाटत असेल तर मी स्वतः परवाना काढावा किंवा पुण्याला परत जावं.

तारखेचं आधी. तुमचं बरोबर आहे. 1 ऑगस्ट 2016 ला हा कायदा चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठांना लागू झाला, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांना त्यानंतर एका वर्षाने, 1 ऑगस्ट 2017 ला. मी सरसकट 2016 लिहिलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता त्या पहिल्या वाक्याकडे येते, कारण तेच मला लागलं. ‘ताई’ म्हणायचं आणि पुढच्या श्वासात अक्कल काढायची, ही कुठली रीत? तुम्ही इथे पंचवीस वर्षं आहात असं लिहिलंय, म्हणजे वयाने मोठे असाल. मोठ्या माणसाने “तुमची माहिती कमी पडते” असं म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण तुम्ही मला ओळखत नाही. कुठली, कोणाची, काहीच ठाऊक नाही. तरी माझ्या हाताला काय लागलंय आणि काय नाही, हे तुम्ही इतक्या खात्रीने कसं लिहिलंत?

बंदूक मी हातात धरली आहे. नवव्या वर्षी धरली.

मी पुण्याची नाही, सिंधुदुर्गातली आहे. आमच्या घरी ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, आधी आजोबांच्या नावावर, मग बाबांच्या. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत कुणगा, म्हणजे भाताचं खाचर, लोळवून जायची. बाबा माचाणावर जायचे तेव्हा बंदूक भरून द्यायला मी असायचे. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग छर्रे, परत बोळा. केप, म्हणजे ठिणगी पाडून बार उडवणारी छोटी टोपी, मात्र बाबा स्वतः बसवायचे, तीही माचाणावर चढल्यावर. त्या दारूचा वास हाताला दोन-दोन दिवस राहायचा, साबणाने धुतला तरी. माझ्या एका चुलतकाकाच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. तो कसा गेला हे विचारायची आम्हा पोरांना गरज नव्हती, बंदुकीकडे बघितलं की पुरे. त्यामुळे शस्त्र म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको.

आणि त्या घरात मी जे शिकले, तेच मला टेक्सासच्या कायद्यात सापडत नाही. बाबा म्हणायचे, “बंदूक लपवन ठेवची नाय. ती सगळ्यांका दिसाक व्हयी.” ओटीवर भिंतीला दोन खुंट्यांवर ती आडवी टांगलेली असायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायची. वाडीत कोणाकडे बंदूक आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत. परवान्याचं नूतनीकरण करायला ओरोसला जायचं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती घ्यायची. वाडीत बांधावरून भांडण पेटलं की आजी आधी जाऊन बघायची, बंदूक खुंटीवर आहे ना. ती जागेवर असली की भांडण भांडणापुरतं राहायचं, शिव्या पोटभर देता यायच्या.

कॅम्पस कॅरी याच्या नेमका उलटा आहे. तिथे पिस्तूल दिसता कामा नये हीच अट. आमच्या विद्यापीठाच्या सूचनांप्रमाणे मी विद्यार्थ्याला “तुझ्याकडे आहे का?” असं विचारूही शकत नाही. ज्या प्राध्यापकाला एकट्याची खोली आहे त्याला “माझ्या खोलीत आणू नका” असं सांगता येतं. आम्ही कंत्राटी शिकवणारे तिघं एका खोलीत बसतो, म्हणून ती सोय आम्हाला नाही. म्हणजे ज्याची नोकरी पक्की त्याला थोडं संरक्षण, ज्याची दर सत्राला नव्याने ठरते त्याला तेही नाही. विद्यार्थ्याने शिक्षकाबद्दल दिलेल्या आढाव्यावर जिचं पुढचं कंत्राट अवलंबून आहे, तिच्यासमोर ही बंद बॅग.

पुरावा मागता? नाही पुरावा. त्या मुलाच्या बॅगेत पुस्तकं असतील, डबा असेल. मी लेखातही पिस्तूल होतं असं म्हटलेलं नाही, परत वाचा. मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घेण्याचा मार्गही नव्हता. एरवी मी ज्याला सरळ “उत्तर चुकलंय, गुण वाढणार नाहीत” म्हटलं असतं त्याला “बघू या, अजून काय करता येईल” म्हणाले. त्याच्या डोळ्यांत बघायचं सोडून बॅगेच्या चेनकडे बघत राहिले. सोळा वर्षं शिकवतेय, असं कधी केलं नव्हतं. हे तुम्हाला भित्रेपण वाटतं. मला वाटतं त्या दिवशी मी त्या मुलाला शिकवलंच नाही.

आणि बंदूक न कळणाऱ्यांचाच याला विरोध आहे म्हणता, तर ॲडमिरल विल्यम मॅकरेव्हन यांचं नाव घेते. नेव्ही सील या अमेरिकी नौदलाच्या कमांडो दलात उभी हयात गेलेला माणूस. बिन लादेनवरच्या कारवाईची सूत्रं त्यांच्याकडे होती. 2015 मध्ये हा कायदा होत असताना ते टेक्सास विद्यापीठ समूहाचे चान्सलर होते आणि त्यांनी उघड विरोध केला. त्यांना शस्त्र कळत नाही असं तुम्हीही म्हणणार नाही. खाजगी विद्यापीठांना नकार द्यायची मुभा होती, तेव्हा राइस, बेलर, सदर्न मेथडिस्ट (एसएमयू) या सगळ्यांनी नकार दिला. बेलर तर बाप्टिस्ट ख्रिस्ती परंपरेतलं, तिथे कोणी डावे विचार पेरत बसलेलं नाही.

1966 बद्दल एवढंच. चार्ल्स व्हिटमन नावाचा माणूस ऑस्टिनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या टॉवरवरून गोळ्या झाडत होता तेव्हा लोकांनी शिकारीच्या रायफली आणून खालून उलट मारा केला आणि त्यामुळे त्याला कठड्याआड दडावं लागलं, हे खरं आहे. पण त्या लांब पल्ल्याच्या रायफली होत्या, वर्गात कोणाच्या कमरेला लपवलेली पिस्तुलं नव्हेत. हा कायदा अमलात आला तो दिवस त्या हत्याकांडाच्या बरोबर पन्नासाव्या वर्षदिनाचा. ज्यांची माणसं त्या दिवशी गेली त्यांना काय वाटलं असेल, यावर तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही.

परवानाधारक सभ्य असतात या मुद्द्यावर मी वाद घालत नाही. असतील. त्या परवान्याचं शिक्षण 4 ते 6 तासांचं आणि नेमबाजीची परीक्षा 50 गोळ्यांची, एवढं फक्त नोंदवते. माझ्या हातात बाबांनी केप दिली ती चार वर्षांनी.

राहिला तुमचा सल्ला, स्वतः परवाना काढा. ह्यूस्टनकर, पंचवीस वर्षं राहून तुम्हाला हे ठाऊक नसावं याचं मला खरंच वाईट वाटलं. मी एच-वन-बी या नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकायला आलेल्या एफ-वनवाल्या पोरांनाही तेच लागू. माझ्या वर्गात नागपूरची दोन मुलं आहेत, एक जळगावची मुलगी आहे. शेजारच्या बाकावरच्याला पिस्तुलाचा हक्क आहे आणि यांनी ते नुसतं जवळ बाळगलं तरी गुन्हा. हे आधीच्या लेखात राहून गेलं होतं, तुमच्यामुळे लिहिलं गेलं.

‘परत जा’ हे शब्द मी इथे दुकानात ऐकले आहेत, एकदा पार्किंगमध्येही ऐकले आहेत. मराठीत पहिल्यांदाच ऐकले. इथे कोणीही माझ्याशी वाद घालावा, चुका काढाव्यात, तुमच्यासारख्या तारखा तपासाव्यात. पण ते दोन शब्द असलेली प्रतिक्रिया यापुढे मी छापणार नाही, तुमची असली तरी.