साहेबाची ओटी

रविवारी फोनवर वहिनी म्हणाली, “अंबाबाईची ओटी मी भरते, साहेबाची ओटी हे भरतात.” पलीकडून दादा मोठ्यानं हसला. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत ओव्हरटाइमला सगळे ‘ओटी’च म्हणतात, त्यामुळे हा विनोद घरात जुनाच. या वेळी मला तो लागला, कारण दादा सलग तिसऱ्या रविवारी कामावर जाऊन आला होता.

राज्य मंत्रिमंडळानं ३ सप्टेंबर २०२५ ला कारखान्यातला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करण्याला मंजुरी दिली. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर जुंपली आहे. काका म्हणतात, ऑर्डरी आहेत तोवर कमवून घ्यावं, ओटीला दुप्पट दर मिळतो. धाकटा चुलतभाऊ म्हणतो, कामाला लागलेला माणूस अशानं कामातून जाईल.

दुप्पट पैसे ही लहान गोष्ट नाही. दादाच्या घराचा हप्ता आणि पोरीची फी त्यातूनच जाते. इथं जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या कारखान्यात आठ तास भरून घरी येणाऱ्या मी त्याला ‘ओटी सोड’ म्हणणं बरं नव्हे. माझं मन अडतं ते निर्णयातल्या एका अटीवर. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असं सरकार म्हणतं.

संमतीला आपल्याकडे जुना शब्द आहे, रजा. अरबीतून फारसीमार्गे आला, मूळ अर्थ मर्जी, परवानगी. राजी, नाराजी, राजीनामा ही सगळी त्याच घरातली भावंडं. म्हणजे आपण सुट्टी मागतो तेव्हा शब्दशः साहेबाची मर्जी मागत असतो. गंमत अशी की जर्मनमध्ये रजेला ‘उर्लाउब’ म्हणतात आणि त्याचाही जुना अर्थ परवानगीच.

शब्द सारखे असले तरी वागणं निराळं. इथल्या पहिल्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला यायचं होतं. मी आमच्या माइस्टरसमोर, म्हणजे इथल्या सुपरवायझरसमोर, हात बांधून उभा राहिलो आणि लग्न कुणाचं, घरात माझी जबाबदारी काय, सगळं सांगत सुटलो. तो तक्त्यात तारखा बघत होता. मध्येच थांबवून म्हणाला, “कारण नको, दिवस सांग.” सहा दिवसांच्या आठवड्याला वर्षात किमान २४ दिवसांची पगारी रजा कायद्यानंच आहे. दिवस आठ तासांचा. तो दहापर्यंत ताणता येतो, पण पुढच्या काही महिन्यांत सरासरी आठवर आणावीच लागते, आणि दोन पाळ्यांमध्ये अकरा तासांची विश्रांती. दिवसाऐवजी आठवड्याचे तास मोजावेत का, यावर इथंही जोरात वाद चालू आहे. पण त्या वादात कामगाराची युनियन चर्चेला समोर बसलेली असते.

फौंड्रीत भट्टी तापलेली असताना सुपरवायझर कागद पुढे करून “थांबतोस न्हवं?” विचारतो, तेव्हा तिथं कोण ‘नाही’ म्हणणार? ‘नाही’ म्हणणाऱ्याला पुढच्या आठवड्यात हलकी पाळी मिळत नाही, हे दादानं स्वतः भोगलंय. त्या सहीला मी संमती म्हणणार नाही. नकार देणाऱ्याची पाळी, पगार, बढती यांना धक्का लागणार नाही, हे कायद्यात लिहिलेलं असायला हवं. आणि तक्रार ऐकणारा माणूस कारखान्याबाहेरचा हवा. एवढं झालं तर बारा तासांवर बोलू.

फोन ठेवता ठेवता दादाला विचारलं, कागद आला तर काय करशील?

“सही करणार की. पण ललितापंचमीला नाही. त्या दिवशी टेंबलाईच्या देवळात जायचंय, तुझ्या वहिनीला शब्द दिलाय.”

मागून वहिनीचा आवाज आला, “ते पण लिहून घ्या म्हणावं कागदावर.”